खिडकीपलीकडचे भोयर सर

भोयर सर रोज स्वतःच्याच दवाखान्यात औषधाच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहायचे, आणि रोज त्यांना नवा आजार झालेला असायचा. सोमवारी दमा, मंगळवारी मूळव्याध. बुधवारी ते नातवाच्या जुलाबाचं औषध न्यायला आलेली म्हातारी असायचे. डोक्यावरून पदर, तोंडात नसलेलं पान, आणि रांगेत पुढं घुसण्याची खऱ्या म्हातारीला लाजवील अशी हातोटी. मागचे लोक ओरडले तर ही म्हातारीच उलट भांडायची. एकदा एका सरदारजी ट्रक ड्रायव्हरनं "माताजी, पहले आप" म्हणून त्यांना जागा करून दिली होती. ही आठवण सर एखाद्या पदकासारखी मिरवायचे.

भिलाई तेव्हा मध्यप्रदेशात होती. तिथल्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपच्या दवाखान्यात भोयर सर मुख्य औषधनिर्माते होते. फार्मसीचा डिप्लोमा झाला की आम्हा पोरापोरींना प्रत्यक्ष कामाचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडे पाठवत. बाकीच्या जागी असे ट्रेनी म्हणजे फुकटचे हमाल. खोकी उचला, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवा, चहा आणा. हे शोषण आहे हे मी पहिल्या दिवशी जाहीर करणारच होतो. माझे वडील प्लान्टमध्ये कामगार. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि युनियनची पत्रकं जास्त. मी अक्षरं ओळखायला शिकलो तो "बंधूंनो आणि भगिनींनो" पासून. त्यामुळे भाषण तयार होतं.

पण सरांनी मला बोलूच दिलं नाही. "या मास्तर," म्हणाले, "खिडकीवर बसा."

ते पहिल्या दिवसापासून प्रत्येक ट्रेनीला मास्तर म्हणत. पोरगी असली तर मास्तरीण. आम्हाला वाटायचं थट्टा आहे. थट्टा नव्हती. त्यांचं म्हणणं असं की गोळ्या मोजायला हात पुरतो, त्यासाठी डिप्लोमा कशाला? डिप्लोमावाला शिकवण्यासाठी असतो. रांगेतल्या माणसाला औषध शिकवायचं, आणि मागून येणाऱ्या ट्रेनीला, औषध कसं शिकवायचं ते शिकवायचं. एवढं सरळ काम कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हतं, म्हणून सरांनी ते स्वतःच सुरू केलं होतं. दुपारची गर्दी ओसरली की त्यांचा वर्ग भरायचा. काउंटरखाली एक हिरवी पत्र्याची पेटी होती. तिच्यात प्लान्टचं हेल्मेट, बिनकाचेचा चष्मा, गमछा, बकरीच्या केसांची मिशी आणि एक मोरपंखी लुगडं. बाकीचं सामान आम्ही कसंही कोंबायचो. लुगडं मात्र सर स्वतः घडी करायचे आणि कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

त्या पहिल्या दुपारी ते हेल्मेट घालून आले, भट्टीवरचा कामगार म्हणून. मी गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एक-एक घ्या म्हटलं, समजलं का म्हणून विचारलं. कामगार "हो जी" म्हणाला आणि गेला. दोन मिनिटांत आतल्या दारानं सर होऊन परत आला.

"मास्तर, हा मानूस रात्रपाळीचा. याची सकाळ कधी होते?"

मी म्हटलं, सकाळी.

"सकाळी हा झोपाले जाते. तुमची सकाळ त्याची रात्र. म्हंजे गोळी गेली उशाखाली." मग हेल्मेट काढून पेटीत ठेवत म्हणाले, "आन समजलं का म्हनून कावून इचारलं? सायेबापुढं मानूस कायलेही समजलं म्हनते. घराले आग लागली म्हनलं तरी हो जी म्हनन."

त्यांचा उपाय एका वाक्याचा होता. औषध सांगून झालं की समोरच्याला म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा. तो काय सांगतो ते ऐकायचं. तो चुकला तर तो चुकलेला नाही, तुम्ही नीट सांगितलेलं नाही. पुन्हा सांगा. मला हे फार कमीपणाचं वाटलं. पत्रक कधी "आता तुम्ही मला सांगा" म्हणत नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "तुह्यं पत्रक वाचून मानूस पेटते हे खरं. पन गोळी जेवनाच्या आंधी का मंग, ते त्याले कोन सांगन?" तेव्हापासून मी पत्रकवाले मास्तर झालो.

दुसरा नियम त्याहून विचित्र होता. गोळीचं नाव काढण्याआधी विचारायचं, घरी कोण कोण आहे. चिठ्ठी वाचणारं कोण, आठवण करून देणारं कोण, आणि चॉकलेट समजून खाणारं कोण. सरांचा कोणताही रोगी या प्रश्नाची वाटच पाहत असायचा. कामगार असो की म्हातारी, घर एकच. सून सरला, तापट पण सुगरण. मुलगा दुपारपाळीचा, कधी घरी नसणारा. नातू गोलू, जो प्रत्येक औषध आधी पोपटाला देऊन पाहायचा. आम्हाला हे कुटुंब शेजाऱ्यांसारखं ठाऊक झालं होतं. सरला रुसून अहिवाऱ्याला माहेरी गेली की पुढचे काही दिवस सगळे रोगी उपाशीपोटी यायचे आणि आम्हाला गोळ्यांचं गणित बदलावं लागायचं. एकदा पोपट झिंगला. आम्ही खरोखरच चिंतेत होतो.

जुन्या ट्रेनीनं नव्याला शिकवायचं हे तर सक्तीचं. सर तेव्हा मागच्या बाकावर बसून महामूर्ख ट्रेनीचा पार्ट करायचे. "मास्तर, डोळ्यात टाकाचं औषध गोड असते का?" असं गंभीर तोंड करून विचारायचे. शिकवून झालं की नव्याला खिडकीवर बसवायचे. तो चुकला की सर बोट दाखवायचे, पण त्याच्याकडे नाही, त्याला शिकवणाऱ्याकडे. "पोट्टा चुकला, मास्तर नापास." नापास मास्तरानं रोग्याची माफी मागायची आणि सगळ्यांना चहा करायचा. मी त्या काळात इतका चहा केला की सिव्हिक सेंटरच्या बाजारात हॉटेल टाकता आलं असतं. कारण मी शिकवायचो म्हणजे औषध कंपन्यांच्या नफेखोरीपासून सुरुवात करायचो. माझे शिष्य खिडकीवर बसून रोग्यांना जागं करायचे आणि खोकल्याचं औषध द्यायला विसरायचे.

माझ्याबरोबर दुलारी साहू होती. कॅम्प-१ मधल्या छत्तीसगढी घरातली. हुशार, पण आवाज एवढा हळू की खिडकीची काच ओलांडायचा नाही. सर कान काचेला लावून म्हणायचे, "मास्तरीनबाई, रोगी बहिरा नाही, पन देवही नाही." ती हसायची, तेही ऐकू यायचं नाही.

तिचा आवाज फुटला तो एका चुकीमुळे. ही चूक फक्त आमच्याच खिडकीवर होऊ शकत होती. एका दुपारी खेड्याकडचा एक म्हातारा आला. डोक्याला गमछा, भरघोस पांढरी मिशी. दुलारीनं घरी कोण आहे विचारलं. म्हातारा म्हणाला, बहू आहे, फार तापट आहे. दुलारीला वाटलं, झालं, सरला आली. तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि सगळा धीर गोळा करून मोठ्यानं म्हणाली, "सर, आज तो मूँछ भी ठीक से नहीं चिपकाई." असं म्हणून खिडकीतून हात घालून तिनं मिशी ओढली.

मिशी निघाली नाही.

"ए नोनी," म्हातारा कळवळून म्हणाला, "मोर मेछा ला काबर तीरत हस? असली आय."

त्याच्यामागे रांगेत लुगडं नेसून भोयर सर उभे होते. मी मनात दुलारीच्या बाजूनं निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. पण सरांनी पदर खांद्यावर टाकला, म्हाताऱ्यापुढे हात जोडले आणि सगळा प्रकार समजावून सांगितला. लुगड्यातला एक माणूस आपली माफी मागतोय हे पाहून म्हातारा मिशीचं दुखणं विसरला. इतका हसला की त्याला दम लागला, आणि तो दम्याचंच औषध न्यायला आला होता. मग सरांनी दुलारीला सांगितलं, "आता याईले शिकवा. एवढ्याच मोठ्या आवाजात." तिनं शिकवलं. म्हाताऱ्यानं सगळं बिनचूक म्हणून दाखवलं, वर मागच्या दोघांनाही समजावलं. पुढच्या आठवड्यात तो परत आला तेव्हा दुलारीसाठी गमछ्यात बोरं बांधून आणली होती. मिशी मात्र हातानं झाकून धरली होती.

असं सगळं मजेत चाललं असताना नवे साहेब आले. त्यांचं बोलणं सभ्य होतं आणि मला सभ्य बोलणाऱ्या साहेबांची जास्त भीती वाटते. ते म्हणाले, खिडकी औषध देण्यासाठी असते, तमाशासाठी नाही. पुडीवर छापील चिठ्ठी लावा, पुडी द्या, पुढचा. सर दिवाळीच्या आधी निवृत्त होणार होते. त्यांच्याबरोबर हा वर्गही निवृत्त करावा असं साहेबांचं मत पडलं.

मी उसळलो. घेराव, निवेदन, धरणं, सगळ्याचा आराखडा एका दमात मांडला. सरांनी ऐकून घेतलं आणि साहेबांकडे एकटे गेले. काय बोलले माहीत नाही, पण अट घालून आले. रायपूरहून पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर एका ट्रेनीनं दुसऱ्या ट्रेनीला शिकवून दाखवायचं. सरांशिवाय वर्ग चालू शकतो असं दिसलं तर वर्ग राहील आणि शिकवणाऱ्याला ट्रेनिंग विभागात नोकरी. नाही दिसलं तर हिरवी पेटी भंगारात.

शिकवणारा मीच असणार याची मला खात्री होती. एवढी मोठी लढाई, आणि बोलणारा मीच एक. सरांनी दुलारीला निवडलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमी शिष्य व्हा. तुमच्याएवढा कठीन शिष्य मी कुठून आनू? तुमाले शिकवलं म्हंजे कोनालेही शिकवता येते, हे सायेबाले दिसलं पाह्यजे."

मला राग आला होता, पण म्हणण्यात तथ्य होतं.

त्या दिवशी आत साहेब आणि दोघे पाहुणे खुर्च्यांवर बसले. दुलारी माझ्यामागे उभी. मी खिडकीवर. सर बाहेरून आले. पेटीतलं काहीच त्यांनी घेतलं नव्हतं. हेल्मेट नाही, मिशी नाही. नुसता पांढरा कोट काढून ठेवला होता. खिडकीत वाकून मी हळूच विचारलं, आज कोणाचा पार्ट? ते म्हणाले, म्हाताऱ्याचा. रक्तदाबाच्या गोळ्या.

मी ठरल्याप्रमाणे चुकलो. खरं सांगायचं तर ठरल्यापेक्षा जास्त चुकलो. रक्तदाब आणि कामगारांची पिळवणूक यांचा संबंध मी असा काही जोडला की पाहुण्यांपैकी एकजण पुढे सरकून ऐकू लागला. मागून दुलारी खाकरली, अगदी सरांसारखी.

"मास्टर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खोलीच्या पार टोकाला गेला, "आप ही बोलते रहोगे, तो बाबा कब बोलेंगे? पहले पूछो, घर में कौन है."

मी विचारलं. सरला, मुलगा, गोलू, पोपट, सगळे माझ्या तोंडाशी तयार होते.

"कोनी नाही जी," सर म्हणाले.

असं उत्तर आजवर आलंच नव्हतं. गोंधळून मी विचारलं, "म्हणजे, सरला माहेरी गेली?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "सरला नाही बाप्पा. पोरगा नाही, नातूही नाही. एक होती, ते लवकर गेली. आता मी हाओ आन रेडिओ हाय."

पाहुणे एकमेकांना म्हणाले, काय अभिनय आहे. साहेबही हसले. दाराशी उभ्या असलेल्या आमच्या विभागातल्या एका जुन्या माणसानं मान खाली घातली आणि मला ते मोरपंखी लुगडं आठवलं. सर त्याची घडी कसे घालायचे ते आठवलं. एवढे दिवस आम्ही शेकडो माणसांना घरी कोण आहे विचारत होतो. ज्यानं तो प्रश्न शिकवला त्याला कोणी विचारलाच नव्हता. पत्रकात घालावं असं वाक्य होतं, पण ते तिथंच सोडून मी पुडी दुलारीकडे सरकवली.

दुलारी माझ्या बाजूला आली आणि खिडकीत वाकली.

"बाबा, सुबह का भोंगा बजेगा, तब गोली. ठीक?"

"भोंगा वाजला का गोळी."

"भूल गए तो?"

"भुललो त आठवन कोन करून देईन?"

"हम." ती म्हणाली. "रोज इसी खिड़की पर आके बताना कि खा ली. हम पूछेंगे."

"रोज?"

"रोज. और इतवार को इनको घर भेजूँगी." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. हे आमचं ठरलेलं नव्हतं. "अब आप मुझे बताइए."

सर खिडकीची कड धरून, पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणाले, "भोंगा वाजला का गोळी घ्याची. मंग खिडकीवर येऊन सांगाचं. इतवारी हे पत्रकवाले मास्तर घरी येतीन." मग साहेबांकडे वळून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सायेब, हे मास्तर पह्यल्यांदा चूप बसले. म्हंजे मास्तरीन पास."

वर्ग राहिला. याचं श्रेय मी साहेबांना देणार नाही. पाहुण्यांना नाटक आवडलं आणि पाहुणे रायपूरचे होते, एवढंच. दुलारीला ट्रेनिंग विभागात जागा मिळाली. मी पुढे त्याच खिडकीवर नोकरीला लागलो.

त्या पहिल्या रविवारी मी सरांच्या क्वार्टरवर गेलो. दार उघडून ते बघतच राहिले. खरंच आलास का म्हणाले. मी म्हटलं, मास्तरीणबाईंचा हुकूम आहे, गोळी घेतली का? घरात रेडिओ चालू होता. भिंतीवर एकच फोटो होता आणि त्यातल्या बाईंचं लुगडं माझ्या ओळखीचं होतं. सरांनीच सांगितलं की बाईंना माणसांनी भरलेलं घर फार आवडायचं, सुनेचं नावही आधीच ठरवून ठेवलं होतं. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि पोह्यांवर इतकी झणझणीत तर्री ओतून आणली की माझ्या डोळ्यांतून आलेल्या पाण्याला कारण शोधावं लागलं नाही. खाऊन झाल्यावर मी नफेखोरीवर बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, आता मी तुला सांगतो तू काय म्हणालास ते. त्यांनी सांगितलं. माझ्यापेक्षा थोडक्यात आणि जास्त चांगलं.

सर निवृत्त झाले आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूला कायमचे गेले. पेटी दुलारीकडे आली, लुगडं सोडून. ते सरांनी नेलं. पण सकाळचा भोंगा झाला की थोड्या वेळानं ते खिडकीवर हजर. कोणाचाही पार्ट न करता.

मध्यंतरी एक नवी ट्रेनी आली. दुलारीनं तिला आदल्या दिवशीच तयार केलं होतं. सरांच्या गमतीही सांगितल्या होत्या. पोरीनं सरांना ओळखलं आणि गालातल्या गालात हसत, शिकवल्याप्रमाणे विचारलं, "बाबा, घर में कौन-कौन है?"

"मोठं खटलं हाय बाप्पा," सर म्हणाले. "एक पोरगी हाय, मास्तरीन. तिचा आवाज साऱ्या सेक्टरले ऐकू येते. एक पोरगा भल्ला बोलते. दर इतवारी येते, पोहे खाते आन भाषन देते. बाकीचे पांगले, कोनी राजनांदगावले, कोनी बस्तरकडं, पन गावाले येनं झालं का पह्यले दारातूनच इचारतेत, गोळी घेतली का. घरात बसाले जागा नाही."

पोरीनं त्यांच्याकडून गोळीचं सगळं म्हणून घेतलं. त्यांनी बिनचूक सांगितलं आणि उद्या येतो म्हणून निघाले. ते वळल्यावर ती माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "सर, ये परिवार भी नाटकवाला है ना?"

"नाही," मी म्हटलं. "तो पोहे खाणारा मीच."